अकरा घरं

मी मोटारी बांधतो. पाणबुडी, मोनोब्लॉक.
जळालेलं तांबं उकलायचं, नवं भरायचं.
तायडेबाईंनी मला बोलावलं ते एवढ्यासाठीच,
की वरुडच्या अलीकडे तारेचं काम
दुसऱ्या कोणाला येत नाही.

संत्र्याच्या रिकाम्या ट्रकमधून उतरला होता
त्यांचा पियानो, तणसात गुंडाळलेला.
हमाल म्हणाले, "कपाट हाय का बाप्पा?
मंग वाजते काहून?"

दिल्ली, माद्रिद, कुठं कुठं वाजवून
एलिशबा तायडे गावी परतल्या
ती एक पियानो घेऊन अन् एक पत्र्याची पेटी.
पेटीत नुसते कागद.
वाजवायचं ते फक्त स्पेनचं.
"तिथं पियानोनं गिटार व्हायचं असतं," त्या सांगतात,
एकाच पट्टीवर तीन बोटं आळीपाळीनं,
फवारणीचा पंप थुंकतो तशी,
मग सूर चार पायऱ्या खाली येतात,
शेवटची पायरी अर्धीच.
दरवेळी माझा पाय तिथं चुकतो.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसला गेला
की लाकूड कण्हतं. बाई कूलरचं तोंड
आधी पियानोकडे करतात.
हातोड्यांची लोकर झिजली तेव्हा
धनगराच्या जुन्या घोंगडीचे तुकडे कापून
मी एकेक चिकटवला. अठ्ठ्याऐंशी.
"खालचे सूर आता मेंढरासारखे बोलतात," म्हणाल्या.
बिलातून एक रुपया कमी केला नाही.

तिकडं रस्त्यानं संत्र्याची झाडं असतात म्हणे.
फळ कडू. कोणी खात नाही.
"मग लावतात कायले?"
"आंबिया बहारात तू बगीच्यातून सायकल हळू का चालवतोस?"

पेटीतलं एक बाड वेगळं, लाल फडक्यात.
सिस्टर रेमेदिओसनी हातानं उतरवलेलं,
नागपूरच्या कॉन्व्हेंटात, कंदिलाशी.
रचणारा कादिसचा कोणी. त्याचं नाव
फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलं.
दुसरी प्रत कुठंच नाही; बाईंनी
चाळीस वर्षं पत्रं पाठवून खात्री केली.
त्यातलं एक पान उधईनं खाल्लं.
अकरा घरं. (दोन उभ्या रेघांमधल्या जागेला त्या घर म्हणतात.)

तिथपर्यंत आल्या की हात उचलतात.
हवेत मोजतात. अकरा.
मग बाराव्या घरात शिरतात,
जणू कोणी आतून कडी काढली.

"भरून टाका नं बाई. तुम्हाला तर येतं."
"जे त्यानं लिहिलं ते मला माहीत नाही."
एवढंच.
माझा धंदाच रिकाम्या खाचा भरण्याचा.
त्या रात्री दुकानात एक मोटार
उघडीच ठेवून मी बसून राहिलो.

भिंतीपलीकडे संत्र्याचं पॅकिंग.
बाया फळं निवडतात: मोठं, मधलं, चुरी.
तीन हंगाम त्यांनी तेच ऐकलं,
विटांतून, रोज चार वाजता.

यंदा फेब्रुवारीत त्याच शेडमध्ये कार्यक्रम झाला.
कॅरेट उलटे घालून बसायची सोय.
नागपूरहून कॅमेरे, तहसीलदार, शाल, नारळ.
बाईंची बोटं आता थोडी वाकली आहेत,
पंपाची धार मधेच तुटत होती.
लाल फडकं शेवटी सोडलं.

अन् त्या थांबल्या.
हात वर.
पुढच्या रांगेनं टाळ्या पिटल्या,
तहसीलदार शाल उलगडत उठले.

मागून आवाज आला, अंतकला सोनारेचा,
जिनं आयुष्यात कशाचं तिकीट काढलं नाही:
"बसा नं साहेब.
सरलं नाई अजून."

तिची पिवळी बोटं मांडीवर चालली होती.
सोबत आणखी पाच-सहा बायांची.
आठ.
नऊ.
टीनावर एक खार धावली.
दहा.

साहेब उभेच होते, हातात नारळ,
तेव्हा खालचं मेंढरू बोललं.